पेशाचा रकाना

मागच्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातले एक गृहस्थ घरी आले. लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांना १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता. त्यांचे वडील तालुक्याच्या गावी सरकारी शाळेत शिकलेले. शाळेचं जुनं रजिस्टर जागेवर होतं, पण ते निजामाच्या काळातलं, उर्दूत लिहिलेलं. शाळेत उर्दू वाचणारं कुणी उरलं नव्हतं. "आपा, तुम्ही तेवढं वाचून द्या," म्हणाले. मी गेले.

नोंद सापडली. मुलाचं नाव, वालिदचं नाव, गाव, आणि पुढच्या रकान्यात पेशा. तिथं पिंजारी असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. त्यांचं काम झालं. पण माझी नजर त्या पानावरून हलेना. वरखाली सगळे पेशे लिहिलेले होते. कुणी काश्तकार, कुणी बढई, कुणी रंगरेज, कुणी दर्जी, कुणी बागवान. प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं आणि त्या कामाला नाव होतं.

शाळा सुरू झाल्यावर मी आमच्या नववीच्या वर्गाची माहिती भरायला बसले. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी एकाखाली एक लिहीत गेले : मजुरी, मजुरी, हातगाडी, मजुरी, ड्रायव्हर, मजुरी. दोन पिढ्यांत पेशाची नावं गेली आणि मजुरी तेवढी राहिली.

असं का झालं? पिंजाऱ्याचंच घ्या. आपला परभणी जिल्हा कापसाचा. मानवत, सेलू, परभणीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. गादी-रजईचा कापूस पिंजणारी घरं गावोगाव होती. पुढं कापूस पिंजायची यंत्रं आली, मग फोमच्या गाद्या आल्या. धनुकली भिंतीला टांगली गेली. हात तेच होते, अक्कल तीच होती, पण एका कामातून दुसऱ्या कामात जायला जो पूल लागतो, तो नव्हता. हिशोब, मोजमाप, नकाशा वाचणं, अर्ज लिहिणं, हातात एक प्रमाणपत्र : हा तो पूल. तो शाळेत बांधला जातो. आज मला त्या शाळेविषयीच लिहायचं आहे, कारण नववीच्या प्रवेशाच्या दिवसांत आपल्या घरांत जो निर्णय होतो, तो मी वीस वर्षं जवळून पाहते आहे.

'आठवी झाली, आता बस्स'

जूनमध्ये शाळेच्या फाटकाशी एक संभाषण दरवर्षी होतं. अम्मी बुरख्याचा पदर सावरत उभी असते, बाजूला चौदा वर्षांचा मुलगा खाली मान घालून.

"आपा, आठवी हो गई ना? अब बस. मामू के गॅरेज में डाल देते."

मी म्हणते, "दहावी तर होऊ द्या."

"पढ के क्या करना आपा? नोकरी कौन देरा अपने कू?"

या प्रश्नाला हसू नये. तो अनुभवातून आलेला आहे. घरात कुणीतरी बी.ए. होऊन मोबाइलच्या दुकानात बसलेला असतो. पण त्या माउलीला दोन गोष्टी कुणी सांगितलेल्या नसतात. एक, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. आठवीनंतर मूल शाळेतून गेलं तर कायद्याचा हात सुटतो, आणि गळती तिथंच होते. उर्दू माध्यमाची शाळा अनेक गावांत सातवी-आठवीला संपते. नववीला माध्यम बदलायचं किंवा गाव बदलायचं, या दोन्हीची धास्ती असते. दुसरी गोष्ट, हुनर आणि तालीम यांत एक निवडावंच लागतं असं नाही. दोन्ही एका छताखाली देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचा रस्ता आजही उघडा आहे.

प्रशाला नावाची गोष्ट

पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांना नवल वाटेल, पण मराठवाड्यात गावोगाव जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळा आहेत. तिकडे बहुतेक हायस्कुलं खासगी संस्थांची. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जुन्या सरकारी शाळांपैकी अनेक त्यांच्याकडे आल्या. त्यांना आपण 'प्रशाला' म्हणतो. फी नाममात्र, दार सगळ्यांना उघडं, आणि जागा ऐसपैस. जुन्या प्रशालेचं मैदान बघितलं की कळतं, बांधणाऱ्यांनी मोठा विचार केला होता.

काही प्रशालांच्या पाटीवर 'मल्टिपर्पज' किंवा 'बहुविध' असा शब्द दिसतो. नांदेडला वजिराबादेत अशी शाळा आहे. या शब्दामागे इतिहास आहे. १९५२ साली भारत सरकारने डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला. त्याचा अहवाल १९५३ साली आला. आयोगाचं म्हणणं असं, की सगळ्या मुलांना एकाच साच्यात घालून विद्यापीठाच्या दारात उभं करू नका. एकाच मोठ्या शाळेत सात वाटा ठेवा : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. मूल आपल्या कलाने वाट निवडेल, पण भाषा, गणित, समाजशास्त्र सगळ्यांना सारखं. सुतारकाम शिकणारा आणि डॉक्टर होऊ पाहणारा एकाच घंटेला एकाच मैदानात येतील.

त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रातल्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींच्या कल्पनेवर अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. जामिया मिल्लियाचे कुलगुरू, आणि पुढे १९६७ साली देशाचे राष्ट्रपती. त्यांचा जन्म हैदराबादचा, म्हणजे आपला जिल्हा ज्या संस्थानात होता त्याच्या राजधानीतला. हातातल्या कामातून गणित, विज्ञान आणि भाषा शिकवावी, शिक्षण मातृभाषेत असावं, हा त्या योजनेचा गाभा. हे मी मुद्दाम सांगते, कारण हुनर शिकवणारी शाळा म्हणजे 'ढ' मुलांची शाळा, असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे. ही कल्पना मांडणारी माणसं देशातली मोठी विद्वान माणसं होती.

मग बिघडलं कुठं?

बहुविध शाळा निघाल्या, पण कार्यशाळा चालवायला शिक्षक मिळेनात. त्यांना तयार करण्यासाठी १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथं चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं काढावी लागली. यंत्रं आली ती दुरुस्तीअभावी पडून राहिली. आणि सर्वांत मोठी अडचण पालकांच्या मनात होती. विद्यापीठाची वाट विज्ञानातून जाते म्हटल्यावर हुशार मूल तिकडे, आणि उरलेलं 'तांत्रिक'ला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने मग दहावीपर्यंत सगळ्यांना समान शिक्षण आणि वाटा त्यानंतर, अशी मांडणी केली. अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम आले, किमान कौशल्याचे एमसीव्हीसी अभ्यासक्रम आले. पैकी एमसीव्हीसीच्या तुकड्या अलीकडे बऱ्याच ठिकाणी बंद झाल्या.

सरकारला दोष देणं सोपं आहे. पण माझ्याही हातून एक चूक झाली, ती आज लिहून टाकते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होते. दहावीत एक मुलगा होता. शाळेची पाण्याची मोटर बंद पडली की शिपाई आधी त्याला शोधायचा. पंखा, बेल, माइक, काहीही द्या, पोरगं दुरुस्त करून आणायचं. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात तो एका पाळण्यावाल्याकडे लायटिंगचं काम करायचा. तोंडी परीक्षा तोंडावर, आणि हा रात्री दोनला घरी. तरी बासष्ट टक्के पडले. वडील विचारायला आले, "आपा, आयटीआयला घालू का?" मी म्हणाले, "अहो, बासष्ट टक्के आहेत, सायन्सला घाला. आयटीआय काय, नापासांनासुद्धा मिळतं."

बारावीला तो दोन विषयांत राहिला. मग पुण्याला गेला. दोन वर्षांपूर्वी ईदला भेटायला आला. एका ठेकेदाराकडे हेल्पर आहे. तक्रार त्याने केली नाही. एवढंच म्हणाला, "आपा, काम सगळं मी करतो. सही मात्र दुसऱ्याची लागते. त्याच्याकडे वायरमनचं लायसन आहे."

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याला मी हलकं म्हणाले होते, त्या कागदाअभावी हे लेकरू आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली काम करणार होतं. महावितरणच्या भरतीत वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं आयटीआय प्रमाणपत्र मागतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या पदाला दहावीसोबत आयटीआय किंवा डिप्लोमा चालतो. पूर्णा जंक्शन आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथून रोज गाड्या जातात, आणि त्या चालवणाऱ्यांत आपली मुलं का नसावीत, हा प्रश्न मी स्वतःला विचारते.

आज काय काय आहे

नववी-दहावीत : समग्र शिक्षा योजनेखाली निवडक सरकारी माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय शिक्षणाचा विषय घेता येतो. ऑटोमोबाइल, मल्टिस्किल, आरोग्यसेवा, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, शेती, इलेक्ट्रॉनिक्स असे विषय राज्यात चालतात. एका शाळेत साधारण दोन. हा शाळेनंतरचा क्लास नव्हे, दहावीच्या बोर्डाचा विषय आहे. गुणपत्रिकेवर त्याचे गुण येतात, आणि प्रात्यक्षिकाला त्यात मोठा वाटा असतो.

इथं आपल्या घरांनी एक गोष्ट नीट पाहावी. हा विषय द्वितीय किंवा तृतीय भाषेच्या जागी घेतला जातो. मराठी माध्यमात शिकून उर्दू घेणाऱ्या मुलाची उर्दू त्यात सुटू शकते. म्हणून कोणती भाषा जाणार, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा. माझं मत विचाराल तर मराठी कधीही सोडू नये. पोलीस भरती असो, तलाठ्याची परीक्षा असो की बँकेचा अर्ज, सगळं मराठीत आहे. आणि उर्दू शाळेत सुटलीच तर घरात सुटू देऊ नये. रोज अर्धा तास अम्मीने बसवावं. नाहीतर पुढचं जुनं रजिस्टर वाचायला कुणाला बोलवाल?

दहावीनंतर : आयटीआयचे बहुतेक दोन वर्षांचे चांगले व्यवसाय दहावी पास मागतात. आठवीवर मिळणारे मोजके आहेत. म्हणजे 'आठवी बस्स' म्हणताना आपण हुनराचीही बरीच दारं बंद करतो. परभणीत शासकीय आयटीआय आहे. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजनेतून काही आयटीआयमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या पाळीच्या तुकड्या सुरू झाल्या, त्यांत अल्पसंख्याक मुलांना प्राधान्य असतं. त्याची चौकशी करा.

आयटीआय म्हणजे रस्ता संपला असं नाही. दोन वर्षांचा आयटीआय करून ठरलेले भाषा विषय पास झालं की बारावीशी समकक्षता मिळते. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पॉलिटेक्निकनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वेल्डिंगच्या दुकानातून निघालेला मुलगा जिन्याच्या एकेक पायरीने पदवीपर्यंत पोचू शकतो. मात्र जिन्याची पहिली पायरी दहावी आहे.

शेतीची आवड असेल तर परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दारात आहे. १९७२ साली स्थापन झालेलं. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयाचा पदविका अभ्यासक्रम करता येतो. बागवान घरातल्या मुलाने फळांचा व्यापार सोडू नये, पण रोपवाटिका आणि प्रतवारी शिकून केला तर बिघडलं काय?

मुलींचं काय

मुलींचं नाव निघालं की लोक शिलाई मशीनपर्यंत येऊन थांबतात. शिलाई चांगलीच आहे. माझ्या अम्मीने मशीनवर आम्हा तिघी बहिणींना शिकवलं. पण मुलीला आरोग्यसेवेचा विषय मिळत असेल, इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल, तर तोही तिचाच आहे. आपल्या बायका दवाखान्यात गेल्या की बाई हवी म्हणतात. ती बाई कुणाच्या तरी घरातून आली पाहिजे ना?

अडचण बहुधा अंतराची असते. गावातली शाळा संपली, प्रशाला आठ-दहा किलोमीटरवर. एसटीचा मुलींसाठी मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. तो शाळेमार्फत मिळतो. एका गावच्या चार मुली एकत्र जाऊ लागल्या की पाचवीचे वडील आपोआप तयार होतात, हे मी पाहिलं आहे. पहिल्या मुलीच्या वडिलांना मात्र हिंमत लागते. त्यांना बोल लावणाऱ्यांनी आधी आपल्या लेकीचं वय आठवावं.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आणखी एक निर्णय घेतला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ. पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. पण त्याला दाखला लागतो, आणि दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा. म्हणूनच ते गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांची लेक डिप्लोमाला जाणार होती. आजोबांच्या नावापुढे कुणा मास्तरांनी लिहिलेला एक शब्द नातीच्या कामी आला. आजोबा शाळेत गेलेच नसते, तर तो शब्द कुठं सापडला असता?

नववीच्या प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न

मुख्याध्यापकांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या. लाजू नका. शाळा आपली आहे.

१. या शाळेत व्यवसाय शिक्षणाचा विषय आहे का? कोणता?
२. तो शिकवणारा प्रशिक्षक आज नेमलेला आहे का? साहित्य आहे का? कार्यशाळेची खोली एकदा दाखवाल का?
३. हा विषय घेतला तर कोणती भाषा सुटेल?
४. मुलं प्रत्यक्ष काम पाहायला बाहेर कधी जातात?
५. दहावीनंतर आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्रवेशात या विषयाचा काय उपयोग होतो? (नियम दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात, तीच पाहावी.)
६. मुलाच्या नावाचं, जन्मतारखेचं आणि जातीचं स्पेलिंग रजिस्टरला आणि आधारला सारखं आहे का?

शेवटचा प्रश्न छोटा वाटतो, पण शेख, शेक आणि शैख यांच्या घोळात कितीतरी मुलांचे अर्ज अडलेले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर गप्प घरी येऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यात आपलेही लोक असावेत. कुलूप लागलेली कार्यशाळा कुणी मागितली नाही म्हणून बंद राहते. दहा पालकांनी सही करून मागितलं तर वरच्या ऑफिसात कागद हलतो. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, आणि त्यानंतर अल्पसंख्याकबहुल म्हणून देशातले ९० जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातले चार : परभणी, हिंगोली, वाशीम, बुलडाणा. योजना आपल्या नावाने येतात. त्या मागायला आपणच जायला हवं.

शेवटी

मामूच्या गॅरेजला माझा विरोध नाही. हजरत दाऊद अलैहिस्सलाम चिलखतं बनवत, हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करत, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. हाताने काम करणाऱ्याची इज्जत आपल्या दीनमध्ये कमी नाही. म्हणूनच मुलाने गॅरेजमध्ये सुट्टीत जावं, संध्याकाळी जावं, मामूकडून सगळं शिकावं. पण सकाळी शाळेची घंटा वाजली की त्याने प्रशालेत असावं. चौदाव्या वर्षी गॅरेजला गेलेला मुलगा चाळिसाव्या वर्षीही पाना धरतो. दहावी आणि आयटीआय करून गेलेला मुलगा इन्शाअल्लाह गॅरेज काढतो, आणि मामूच्या पोरांना कामाला लावतो.

या जूनमध्ये फाटकाशी एक अम्मी पुन्हा तोच प्रश्न घेऊन आली. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि पेशाच्या त्या रकान्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आपा, फारम दो." मुलाने स्वतःच्या हाताने फॉर्म भरला. वडिलांचा व्यवसाय : मजुरी. विषय : ऑटोमोबाइल.